चित्राआधीची भिंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात विद्यार्थी गुणगौरवाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. काही सभासदांनी मागितल्यावरून इथे देत आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी चित्रकार नाही. मी रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनिअर आहे, आमच्या भाषेत पी-वेवाला. रूळ, स्लीपर आणि खडी एवढंच माझं जग. शिक्षण म्हणाल तर सिव्हिलचा डिप्लोमा. आता हा माणूस चित्रकलेवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल, आणि ते बरोबरच आहे. पण यंदा आपल्या मंडळातल्या तीन मुलांनी फाइन आर्टला प्रवेश घेतलाय. सेक्रेटरी म्हणाले, तुमची मुलगी त्या लाइनीत आहे, चार शब्द सांगा. मी म्हटलं, मग मुलीलाच बोलवा. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच बोला. पण फाइलची गोष्ट सांगायची, लपवायची नाही."

तर आधी फाइलची गोष्ट.

मुलगी एका कला महाविद्यालयात फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला होती. दिवाळीच्या आधी एक असाइनमेंट मिळालं. विषय होता 'भिंतीवरची चित्रं', त्यावर व्हिज्युअल रिसर्च करायचा आणि त्यातून स्वतःचं एक काम उभं करायचं. तिला काही सुचेना. दोन-तीन दिवस नुसती खिडकीपाशी बसून होती. मला राहवलं नाही. मी ऑफिसात टेंडरच्या फाइली करणारा माणूस. म्हटलं, आण इकडे. नेटवरून अजिंठा, मधुबनी, वारली, पिठोरा, शेखावटी अशी चाळीस-बेचाळीस चित्रं काढली, रंगीत प्रिंट घेतले, विषयवार लावले, अनुक्रमणिका केली, पान क्रमांक टाकले आणि स्पायरल बाइंडिंग करून दिलं. वर प्लास्टिकचं कव्हर! मला स्वतःला ती फाइल फार आवडली होती, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी ती फाइल चाळली, मिटली आणि मुलीला एवढंच विचारलं, "ह्यात तू काय पाहिलंस?" मुलीला एका शब्दाचंही उत्तर देता आलं नाही. सबमिशन परत. वर्गासमोर.

ती घरी आली ती जेवली नाही. रात्री आईला म्हणाली, मला हे जमणार नाही, मी बी.कॉम.ला जाते. आणि मित्रहो, इथे एक कबुली द्यायची आहे. ते ऐकून मला आतून थोडं बरं वाटलं. कारण ह्या लाइनीला माझा पहिल्यापासून विरोध होता. मी स्वतः शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. ड्रॉइंगचे सर म्हणाले, याला जे. जे.ला पाठवा. वडील लोको शेडमध्ये. ते म्हणाले, पॉलिटेक्निकला जा, पोटाला लागशील. मी गेलो, पोटाला लागलो, तक्रार नाही. पण तीच पट्टी मी मुलीला लावायला निघालो होतो. तिला बुडवली मात्र माझ्या फाइलने, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

ते लक्षात आलं रुळावर. कसं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

थंडीच्या दिवसांत रूळ आकसतो आणि फ्रॅक्चरचं प्रमाण वाढतं. त्या आठवड्यात आमच्या कीमनला पहाटे एक फ्रॅक्चर सापडलं. कीमन म्हणजे रोज हातोडा घेऊन आपल्या बीटचा रूळ पायी तपासणारा माणूस. मी पोचेपर्यंत एका नव्या ज्युनिअर इंजिनिअरने मोबाइलवर बारा फोटो काढून ठेवले होते. मी ते पाहिले. तडा कुठल्या रुळाला, डाव्या की उजव्या? फोटोवरून कळेना. तुटलेल्या तोंडावर गंजलेला काळा डाग कुठे आहे? कळेना. तो डाग महत्त्वाचा, कारण काळा पडलेला भाग म्हणजे जुना तडा, चमकणारा भाग म्हणजे आज तुटलेला. तडा कुठून सुरू झाला ते तिथे लिहिलेलं असतं. मी त्याला म्हटलं, खाली बस आणि वहीत काढ. त्याने काढायला घेतलं आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "साहेब, सुरुवात फूटमधून झालीय, खालून." फोटो बारा होते, पण काढायला बसल्यावर त्याने पाहिलं.

ट्रॉलीवरून परत येताना मला मॅडमचा प्रश्न आठवला. मी मुलीला फोटोच दिले होते. तेही दुसऱ्यांनी काढलेले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तांबेकर वाड्यात गेलो. आपण बडोद्यातली मराठी माणसं. दांडिया बाजारातून शंभर वेळा जातो, पण तो वाडा आतून किती जणांनी पाहिलाय? हात वर करा. पाहा, सात-आठ. एकोणिसाव्या शतकात बडोदे संस्थानचे दिवाण असलेल्या तांबेकरांचा तो वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. वरच्या मजल्यांवर भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारत आहे, कृष्णलीला आहे. मुलगी सगळं पाहायला लागली तशी मी म्हटलं, सगळं नको. आम्ही फुट-बाय-फुट इन्स्पेक्शन करतो, तसं एकच हातभर भिंत घे. वर तारीख घाल, वेळ घाल, उजेड कुठून येतोय ते लिही. जे दिसतं ते काढ, आणि जे कळत नाही ते शेजारी शब्दांत लिही.

दोन तास ती एका कोपऱ्यात बसली. चित्र काही फार चांगलं आलं नाही. पण शेजारी दोन प्रश्न होते. एक, ह्या बायकांची साडी आपल्या आजीसारखी का नेसलेली आहे? दोन, इथला रंग पोपडा होऊन पडलाय आणि लगेच शेजारचा घट्ट आहे, असं का?

आमच्या बेचाळीस प्रिंटांत एकही प्रश्न नव्हता. तुम्हा तिघांना मी आधी हेच सांगेन. कॉलेजात 'रिसर्च' म्हणतील तेव्हा घाबरू नका, आणि लगेच मोबाइलही उघडू नका. 'भिंतीवरची चित्रं' हा विषय झाला. प्रश्न नाही झाला. प्रश्न त्या हातभर भिंतीपुढे बसल्याशिवाय पडत नाही. नेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज पाहतो. पण प्रश्न पडण्याच्या आधी ते उघडलं की दुसऱ्याची उत्तरं समोर येऊन पडतात आणि आपण ती गोळा करत बसतो. आता तर मशीनला चार शब्द सांगितले की ते चित्रच काढून देतं. बाइंडिंग तेवढं आपण करायचं.

दोन प्रश्नांपैकी एक निवडणं भाग होतं. तिने दुसरा, रंगाच्या पोपड्यांचा निवडला. पहिला मात्र मला सुटेना. कारण आजी म्हणजे माझी आई. तेव्हा तो माझ्या वाट्याचा म्हणून मी धरला, आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगण्यासारखं आहे.

राजा रविवर्मा आपल्याला कॅलेंडरमुळे माहीत. १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले त्या वेळी तो बडोद्याला आला होता. त्याला इथे आणण्यात दिवाण सर टी. माधवराव यांचा वाटा. हे माधवरावही आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले तंजावरकडचे मराठी. पुढे १८८८ च्या सुमारास सयाजीरावांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याला पुराणातल्या प्रसंगांची १४ मोठी चित्रं सांगितली. शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका वगैरे. आता त्याच्यापुढे अडचण अशी की मत्स्यगंधा नेसणार काय? केरळातली नेसण वेगळी, बंगालातली वेगळी, इथली वेगळी. चित्र तर अख्ख्या हिंदुस्थानाने आपलं म्हणावं असं हवं.

त्याने काय केलं? भाऊ राजवर्मा याला बरोबर घेतलं आणि तो उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाला. लोक काय नेसतात, कसं नेसतात, जुन्या मूर्तींवर काय दिसतं, हे पाहत हिंडला. आणि सगळ्या देशाचा, पुराणकाळापासून चालत आलेला असा एकच पोशाख त्याला कुठे सापडला नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शोध केला आणि उत्तर 'नाही' असं आलं. पण म्हणून हिंडणं फुकट गेलं का? त्याने पाहिलेल्यातून साडी उचलली, आपल्या नऊवारीसारख्या नेसणीचाही त्यात मोठा वाटा, आणि देवीदेवतांना ती नेसवली. म्हणजे साडी त्याला पुराणात सापडलेली नाही. तो त्याचा निर्णय आहे. पुढे १८९४ मध्ये मुंबईला छापखाना निघाला, चित्रं घराघरात गेली, आणि आज आपल्याला वाटतं की लक्ष्मी-सरस्वती पहिल्यापासून अशाच नेसत होत्या! कुणी म्हणेल, हे चुकीचं झालं, पुराणातल्या बाईला एकोणिसाव्या शतकातली साडी. म्हणू द्या. पण निर्णय कुठे घेतला आणि कशाच्या आधारावर, हे त्याला माहीत होतं. न पाहता घेतलेला निर्णय आणि हिंडून घेतलेला निर्णय ह्यात फरक आहे. आमच्या खात्यात तर फारच.

आणि हो, ही चित्रं मोबाइलवर पाहून समाधान मानू नका. राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्याचा मोठा संग्रह आहे. स्क्रीनवर सगळी चित्रं सारख्याच आकाराची, चार बोटं. समोर उभं राहिल्यावर कळतं की तुमची मान किती वर करावी लागते. म्हणून वहीत चित्राचं नाव, चित्रकार, साल, माध्यम, आणि लांबी-रुंदीसुद्धा लिहा. कुठे पाहिलं तेही लिहा. सहा महिन्यांनी 'हे कुठलं बरं' म्हणून डोकं धरून बसायची वेळ येते. आमच्याकडे किलोमीटर न लिहिलेली नोंद कुणी वाचतही नाही.

आता पोपड्यांकडे येतो.

मुलीने वाचनालयातून पुस्तकं आणली. त्यात मोटामोटी असं कळलं की ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला तर चुना वाळताना तो रंग धरून ठेवतो. वाळलेल्या भिंतीवर द्यायचा तर रंगात डिंक किंवा सरस घालावा लागतो, आणि तो रंग वरच्या वर बसतो. भिंतीत ओल शिरली, लोणा लागला की आतले क्षार बाहेर येताना वरचा थर ढकलतात. हे लोण्याचं मला माहीत होतं, स्टेशनांच्या जुन्या इमारतींशी आमचं तेच भांडण असतं. पण पुस्तक वाचून तिचं समाधान होईना. ती म्हणाली, "बाबा, भिंत तयार करताना कुणाला तरी पाहायचंय."

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही छोटा उदेपूरच्या गाडीने तेजगढला गेलो. ही लाइन पूर्वी नॅरोगेज होती. गायकवाडांच्या त्या छोट्या गाडीची सुरुवात १८६२ मध्ये डभोई-मियागाम अशी झाली, आणि सुरुवातीला डबे बैल ओढत. असो, रेल्वेवाल्याला लाइनवर सोडलं की तो थांबत नाही. तेजगढला 'भाषा' संस्थेची आदिवासी अकादमी आहे. ती उभी करणारे गणेश देवी आपल्या भोरचे, इथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. तिथे चौकशी करून आम्ही जवळच्या एका राठवा कुटुंबाच्या घरी गेलो. ओसरीच्या आतल्या भिंतीवर पिठोरा होता. रांगेने घोडे, सगळी भिंत भरलेली. माझ्या फाइलमध्ये पान ३१ वर हाच पिठोरा होता बरं का.

मुलीने फोन काढला. मी तिला थांबवलं. आधी बसलो, पाणी घेतलं, चहा घेतला, मग विचारलं. घरातले म्हातारे आजोबा गुजरातीत बोलले. त्यांनी सांगितलं ते असं की हे शोभेचं नाही. नवस होता, तो फेडला. काढणारा तो 'लखारा'. म्हणजे लिहिणारा! चित्र काढलं नाही, लिहिलं. लिहून झाल्यावर बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ते तपासतो, काय काय आलं ते वाचतो. आणि त्याच्याही आधी भिंत. ती घरातल्या कुमारिकांनी शेणामातीने सारवायची, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, मगच लखारा हात लावणार. रंगात दूध आणि महुड्याची दारू. हे सगळं मुलीने त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. फोटो शेवटी एकच काढला, तोही विचारून.

परतीच्या गाडीत ती बोडेली येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मी घोडा नाही काढणार. तो त्यांचा नवस आहे. मी भिंत करणार."

मला आधी समजलंच नाही. भिंत करणार म्हणजे काय करणार? तर चित्राच्या आधीची भिंत. तिने एक-एक फुटाचे प्लायचे तुकडे घेतले, त्यांना जाळी ठोकली, आणि गिलाव्याचे नमुने करायला बसली. चुना-वाळू, नुसती माती, माती-शेण, माती-भुसा, वर खडू, वर पांढरी माती. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. तिची आई माझ्यावर चिडलेली, कारण चुना मीच आणून दिलेला. पहिले पाच नमुने तडकले. ती फेकायला निघाली. इथे मात्र माझ्या खात्याचं ज्ञान कामाला आलं. काँक्रीट ओतलं की आम्ही त्याचे क्यूब भरतो, सात दिवसांनी फोडतो, अठ्ठावीस दिवसांनी फोडतो. फुटलेल्या क्यूबचीही नोंद होते. उलट फुटला कधी आणि किती वजनाला, तीच नोंद. मी म्हटलं, तडकलेल्याच्या मागे चिठ्ठी लाव. काय मिसळलं, किती, पाणी कधी मारलं, तडा कितव्या दिवशी. सहाव्या नमुन्याला वाळू वाढवली आणि सावलीत, ओलं गोणपाट टाकून वाळवलं. तो टिकला.

ज्युरीला तिने बारा नमुने भिंतीवर ओळीने लावले, तडकलेले पाचही. खाली तिची वही उघडी ठेवली, तेवढंच. चित्र एकही नव्हतं. मी घाबरलो होतो, की आता चित्रकलेच्या कॉलेजात चित्रच नाही म्हणून पुन्हा परत येणार. मॅडमनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग तडकलेल्या तिसऱ्या नमुन्याच्या तड्यावरून बोट फिरवलं आणि तोच प्रश्न विचारला, "ह्यात तू काय पाहिलंस?" मुलगी म्हणते, पंधरा मिनिटं तीच बोलत होती. मार्क किती पडले ते सांगत नाही, कारण तिने मलाही नीट सांगितलेले नाहीत. पण बी.कॉम.चा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

इथे बसलेल्या आई-वडिलांना एक विनंती. मुलांना मदत करा, चुना आणून द्या, गाडीने घेऊन जा, गॅलरी मोकळी करून द्या. फाइल करून देऊ नका. मोह फार होतो, मला माहीत आहे. आपल्याला वाटतं फाइन आर्ट म्हणजे अभ्यास नसलेली लाइन, मार्क कमी पडले की तिकडे जायचं. मीही तेच म्हणायचो. पण ज्या माणसाने इथल्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या, त्या नंदलाल बोसांनी तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, अजिंठ्याला राहून तिथल्या चित्रांच्या नकला उतरवल्या होत्या. आणि इथलेच ज्योती भट्ट, ते तर छापचित्रकार. १९६७ मध्ये एका परिसंवादाच्या निमित्ताने गुजरातच्या लोककलेचे फोटो काढायला लागले आणि पुढे कित्येक वर्षं खेड्यापाड्यांतल्या भिंती आणि रांगोळ्या टिपत हिंडले. त्यातल्या पुष्कळ भिंती आज उरलेल्या नाहीत.

माझा वेळ संपत आला, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतायत. तिघा मुलांसाठी एक व्यवस्था केली आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही तांबेकर वाड्यात जाणार आहोत. मुलगीही येईल. वाडा किती वाजता उघडतो ते विचारून मी मंडळाच्या फलकावर लिहून ठेवतो. वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली आणायची. ज्यांनी वाडा आतून पाहिलेला नाही असे मोठेही आले तरी चालतील, म्हणजे जवळजवळ सगळेच. नावं माझ्याकडे किंवा सेक्रेटरींकडे द्यावीत.